पान्हा

'पान्हा' या शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द आणून देणाऱ्यास माझ्याकडून शंभर रुपये, असे मी दरवर्षी दहावीच्या वर्गात जाहीर करतो. आजवर ती नोट माझ्याच खिशात राहिली आहे. मुले 'मिल्क' म्हणतात. पण दूध वेगळे आणि पान्हा वेगळा. दूध कासेत असते. पान्हा फुटतो, दाटतो, आटतो, आणि म्हैस बेरकी असेल तर ती तो चोरतेही. संस्कृत 'प्रस्नव', प्राकृत 'पण्हव' अशा वाटेने हा शब्द आपल्या गोठ्यात आला. विज्ञानाच्या पुस्तकात मला पुढे 'लेट-डाउन' असा एक शब्द भेटला. पण तो ट्रकमधून पोती उतरवल्यासारखा वाटतो, बक्षिसाला पात्र नाही. एका वर्षी मात्र एका गुजराती घरातली मुलगी उठून म्हणाली, "सर, अमारामां 'पानो' केहवाय." अट इंग्रजीची होती, तरी तिला मी पन्नास रुपये दिले. आपण सीमेवरची माणसे. आमच्या नवापूरच्या स्टेशनाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. शब्दांनी तिकीट काढून यावे अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करणार?

या शब्दाचा पुरता अर्थ मला कळला तो कामरेजला, आणि कळायला सोळा वर्षे गेली.

कामरेज माझे आजोळ. सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर तापीकाठचे हे गाव. आज ते महामार्गामुळे आणि नव्या सोसायट्यांमुळे ओळखले जाते, पण आमच्या घरी त्याची ओळख 'गायकवाडीतले गाव' अशीच होती. बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला हा एक तालुका. आईचे आजोबा तिथे वहिवाटदाराच्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि राहिले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. अकरा वर्षांनी पुन्हा १ मे रोजीच गुजरात राज्य झाले. घर जागचे हलले नाही, राज्ये त्याच्यावरून सरकत गेली. तीन पिढ्यांत घरातली मराठी अशी झाली की मामा "चोपडी वाच" म्हणायचा आणि आजी "बारी लाव, वारा येतो" म्हणायची. बारी म्हणजे खिडकी हे मला शाळेत जाईपर्यंत मराठीच वाटत होते.

मामा प्राथमिक शिक्षक. दारात दोन म्हशी, आणि दूध सुमूलच्या गावमंडळीत भरायचे. १९७५ साली मामी लग्न होऊन आली आणि वर्षभरात गोठा तिचा झाला. मोठी म्हैस मामाला लाथ मारायची, मामीला नाही. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहायचो. मामी आधी पारडू सोडायची. ते चारदोन ढुशा द्यायचे, चोखायचे. मग ते बाजूला बांधून ती कासेवर कोमट पाण्याचा हात फिरवायची आणि नुसती बसून राहायची. मी म्हणायचो, "मामी, काढ ना." ती म्हणायची, "थांब जरा. अजून आली नाही ती." म्हैस समोर उभी असताना 'आली नाही' म्हणजे काय, हे मला उमगत नसे. मग एका क्षणी सड ताठ व्हायचे, मामी मान हलवायची, आणि कळशीत पहिली धार वाजायची.

त्या दोन मिनिटांत म्हशीच्या डोक्यात काय होत असते ते माझ्यासारख्या मराठीच्या एम.ए.ला फार उशिरा, आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवले. पारडाच्या ओठांचा निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशी जातो. तिथे हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे; आपली पुस्तके त्याला अधश्चेतक म्हणतात. तिथल्या पेशी ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक तयार करतात आणि खाली लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागल्या भागात साठवून ठेवतात. निरोप आला की ते रक्तात सुटते, कासेपर्यंत पोहोचते, आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतालचे स्नायू आवळतात. हा झाला पान्हा. गाईच्या कासेत खालच्या पोकळीत थोडेफार दूध आधीच उतरलेले असते. म्हशीच्या फारच थोडे. म्हणून म्हशीचे सगळे पान्ह्यावर. अमेरिकेत १९४१ साली एली आणि पीटरसन यांनी गाईंना मुद्दाम घाबरवून पाहिले: कागदी पिशव्या फोडल्या, पाठीवर मांजर ठेवले. गाईंनी दूध द्यायचे थांबवले. पुढे मांजराची गरज नाही असे ठरले, पिशव्याच पुरल्या. आमच्या आजीने हे ऐकले असते तर म्हणाली असती, यासाठी विद्यापीठ कशाला लागते?

म्हणजे पान्हा कासेत नसतो, डोक्यात असतो. पारडू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभे करणाऱ्या गवळ्यांना हे ठाऊक होतेच.

१९७८ च्या आश्विनात मामीला मुलगी झाली. घरीच, गावच्या सुईणीच्या हातून. मी दहा वर्षांचा होतो आणि आईबरोबर तिथे गेलो होतो. मूल ठीक होते, पण वार लवकर पडली नाही आणि रक्त थांबेना. मोठ्यांच्या कुजबुजीवरून आणि परसात टाकलेल्या लुगड्यांच्या ढिगावरून आम्हा मुलांना जे कळायचे ते कळले. पहाटे कोणाची तरी जीप मिळाली, सुरतेस नेले, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. आठ दिवसांनी मामी परत आली. वाचली, म्हणून आजीने सत्यनारायण घातला.

पण दूध आले नाही. तिसऱ्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. मेथीचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, शेजारच्या पटेलांच्या घरून कातलूचा डबा आला. मुलगी म्हशीच्या दुधात पाणी घालून बोंडल्याने वाढली. आजी वाईट बाई नव्हती, पण एक दिवस मोठ्या म्हशीकडे हात करून ती म्हणाली, "जनावराला पान्हा फुटतो, हिला नाही." ते वाक्य घरात राहायला आले. पुढे मामी दिवसभर पडून राहू लागली, गोठ्यात जाईना, वैशाखात अंगावर गोधडी घेऊ लागली, पाळी परत आली नाही, भुवया विरळ झाल्या, चेहरा मेणासारखा पांढरा पडला; आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ त्या एका वाक्यातून लावला गेला. माया नाही. अंगात आळस आहे. मन लागत नाही. मामा तिच्यावर कधी आवाज चढवायचा नाही, पण तोही हळूहळू न बोलण्याच्या वाटेने गेला. मुलगी आजीजवळ निजायची. टॉनिके आणि लोहाच्या गोळ्या मात्र दर वर्षी बदलत होत्या.

सोळा वर्षे. हा आकडा मोठा वाटेल, पण या आजाराच्या कहाण्यांत तो नेहमीचा आहे.

१९९४ च्या श्रावणात कोणीतरी डॉक्टरांनी सुजलेला चेहरा आणि कोरडी कातडी पाहून थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांचे निदान अर्धे बरोबर होते, आणि तेच घातक ठरले. गणपती विसर्जन झाले आणि मामीला ताप, उलट्या आणि भोवळ सुरू झाली. तो सप्टेंबर सुरतेच्या प्लेगचा. लाखो माणसे शहर सोडून निघाली होती. भुसावळकडे येणाऱ्या गाड्या टपापर्यंत भरलेल्या, आणि तार मिळताच निघालेला मी उलट दिशेच्या डब्यात ऐसपैस बसलेला. समोरचा टी.सी. माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसा पाहत होता.

ताप आणि सुरत म्हटल्यावर रुग्णालयात तिला आधी वेगळ्या वॉर्डात टाकले. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होता, मागे राहिलेल्यांपैकी. त्याने रक्तदाब पाहिला, तो फारच खाली. रक्तातले मीठ कमी, साखर कमी. त्याने मामीचे तळहात पाहिले, भुवया पाहिल्या, आणि प्लेगच्या त्या गदारोळात एक प्रश्न विचारला: "माजी, छेल्ली सुवावड क्यारे थई? धावण आव्युं हतुं?"

मामी डोळे न उघडता म्हणाली, "ना साहेब. एक टीपुंय नहीं."

सोळा वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कोणी आजार म्हणून विचारला होता. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन चालू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली आणि तिने चहा मागितला. तिने आपणहून काही मागितल्याचे मामाला कित्येक वर्षांत आठवत नव्हते.

हा आजार शीहानचा. हॅरल्ड शीहान हे ग्लासगोतले विकृतिशास्त्रज्ञ. १९३७ साली त्यांनी बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनांवरून तो उलगडला. पिट्युटरी ही वाटाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची ग्रंथी, कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत बसलेली. गरोदरपणात तिचा पुढचा भाग दुधाच्या तयारीसाठी वाढतो, पण रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. आणि या भागाला येणारे रक्तही बहुतांशी हायपोथॅलॅमसवरून उतरणाऱ्या बारीक, मंद दाबाच्या वाहिन्यांतून येते. बाळंतपणात भरमसाट रक्त गेले, दाब कोसळला, की हा वाढलेला भाग उपाशी पडून मरतो. मागल्या भागाला स्वतःची धमनी असते. तो बहुतेक वेळा वाचतो.

एवढ्याशा तुकड्याने इतके का बिघडावे, हे मामाला समजावताना मी गायकवाडीचाच आधार घेतला. बडोद्याची हुजूर कचेरी म्हणजे हायपोथॅलॅमस. शरीराचे ऊन-थंडी, भूक-तहान, झोप यांच्या खबरा तिथे येतात. ती थेट गावाला हुकूम करत नाही, नवसारीच्या सुभ्याला चिठ्ठी धाडते. सुभा म्हणजे पिट्युटरीचा पुढचा भाग. सुभा वहिवाटदारांना कळवतो: गळ्यातल्या थायरॉइडला, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना, बीजकोशांना. ते आपापली संप्रेरके रक्तात सोडतात, आणि त्यांचा अहवाल रक्तातूनच वर जातो. पुरेसे झाले असे दिसले की वरच्या चिठ्ठ्या कमी होतात, कमी पडले की वाढतात. दुधाच्या प्रोलॅक्टिनचा कारभार तेवढा उलटा आहे. तिथे हुजूर कचेरी सुभ्याला एरवी सतत आवरून धरते, आणि बाळंतपणानंतर मूल चोखू लागले की तो लगाम सैल होतो.

या चिठ्ठ्या खरोखरच अस्तित्वात आहेत हे सिद्ध करायला रॉजर गिलमन आणि अँड्रू शॅली हे दोघे एकमेकांशी अटीतटीने झगडत लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे मेंदू वाटत बसले होते. थायरॉइडच्या चिठ्ठीची रचना १९६९ साली हाती लागली आणि १९७७ साली दोघांना नोबेल मिळाले. म्हणजे मामीच्या बाळंतपणाच्या आदल्याच वर्षी.

"मग आपल्याकडे सुभ्याची कचेरीच जळाली," मामा म्हणाला.

अगदी तसेच. वहिवाटदार सगळे धडधाकट, पण हुकूम येत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसलेले. थायरॉइड थंड, म्हणून वैशाखात गोधडी. बीजकोश गप्प, म्हणून पाळी नाही. अधिवृक्क मंद, म्हणून अंगात उभे राहायचे बळ नाही, आणि साधा ताप आला तरी जिवावर बेतते. थायरॉइडच्या गोळीने घात केला तो इथे. तिने शरीराची चूल पेटवली, पण ती सोसायला लागणारे कॉर्टिसोल तर नव्हतेच. या आजारात कॉर्टिसोल आधी द्यायचे, थायरॉइडची गोळी मागाहून. हा क्रम चुकता कामा नये. आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असावी. आज जो तो टी.एस.एच. तपासून घेतो. पण टी.एस.एच. ही सुभ्याची चिठ्ठी आहे. सुभाच नसेल तर तो आकडा 'नॉर्मल' छापून येऊ शकतो आणि बाई गोधडीतच राहते. सोबत टी-फोर पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाळंत झालेल्या, विशीपुढच्या स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांना हा आजार असावा असा अंदाज निघाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी घरीच बाळंत झाल्या होत्या. श्रीमंत देशांत तो आता विरळा आहे.

मराठीचा मास्तर म्हणून मला मात्र आजीच्या वाक्याशी हिशेब करायचा होता. पान्हा फोडणारे ऑक्सिटोसिन हायपोथॅलॅमसमध्ये बनते आणि मागल्या भागातून सुटते, जो भाग सहसा वाचतो. मेला होता तो पुढचा भाग, दूध बनवा असे सांगणारा. म्हणजे मामीला पान्हा होता, दूध नव्हते. मूल रडले की तिचा जीव कालवत असणार, हाक वरून निघत असणार, आणि खाली रिती पिशवी. आजी तेव्हा हयात होती. मी तिला हे सांगितले. तिने दोनदा समजावून घेतले, मग काठी टेकत उठली आणि मामीच्या खोलीत जाऊन बसली. आत काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही. संध्याकाळी मामीच्या केसांना तेल लावलेले दिसले.

मामी सकाळ-दुपार स्टेरॉइडची छोटी गोळी आणि पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेऊ लागली. ताप आला की स्टेरॉइड दुप्पट. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर थेट इंजेक्शन. तसे लिहिलेला कागद तिच्या बटव्यात असतो. तीन महिन्यांत ती गोठ्यात परतली.

पण गोठे तोवर बदलले होते. शहराच्या तबेल्यांत पारडू पोसायला कोण बसतो? काचेची छोटी कुपी फोडायची, म्हशीला टोचायचे, मिनिटभरात धार. दोन वेळा, रोज. ते औषध म्हणजे तेच ऑक्सिटोसिन. व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे नोबेल मिळवले. अशा दुधाने मुली लवकर वयात येतात ही भीती मला पटत नाही. ऑक्सिटोसिन हे नऊ दुव्यांचे प्रथिनासारखे द्रव्य, पोटात गेले की पचून जाते. माझा राग म्हशीच्या बाजूने आहे. जिला 'येऊ' द्यायचे तिला रोज दोनदा ओढून आणायचे.

आणि गंमत पाहा, हेच औषध बाळंतपणातला रक्तस्राव थांबवते. मूल बाहेर आल्याबरोबर दहा युनिटचे एक इंजेक्शन दिले की गर्भाशय आवळते. जागतिक आरोग्य संघटनेची आज प्रत्येक बाळंतिणीसाठी हीच शिफारस आहे. १९७८ साली सुरतेच्या प्रसूतिगृहांत ते होते, वीस किलोमीटरवर कामरेजच्या खोलीत नव्हते. पंधरा-वीस वर्षांनी ते तबेल्याच्या कोनाड्यात सहज मिळू लागले. जनावरांवरचा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या वापरासाठी खाजगी कंपन्यांनी हे औषध बनवण्यावर बंदी घातली. एकाच सरकारी कंपनीने सगळ्या देशाला पुरवायचे. मग बाळंतिणींचे काय, म्हणून लोक न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती बंदी रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. मामी गुजराती पेपरातल्या या बातम्या कापून ठेवायची. तिच्याइतका दोन्ही बाजूंनी या औषधाशी संबंध आलेली बाई त्या न्यायालयात कोणी नसेल.

२००३ साली मामेबहीण सुरतेच्या प्रसूतिगृहात बाळंत झाली तेव्हा मामी दाराशी उभी होती. परिचारिका इंजेक्शन भरून निघाली तशी मामीने कुपीवरचे नाव वाचले आणि विचारले, "आ तो पेलुं भेंसवाळुं ज ने?" परिचारिका फणकारली. मामी म्हणाली, "दे बाई, दे. मला मिळालं नव्हतं."

आता मामी सत्तरीची आहे. मामा नाही, म्हशी नाहीत. गोठ्याच्या जागी मोटारसायकली उभ्या असतात. आसपासच्या सोसायट्यांत सौराष्ट्राची, खानदेशची, ओडिशाची कुटुंबे आली आहेत. कुठे बाळंतीण घरी आल्याचे कळले की मामी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाते आणि बाळाकडे पाहण्याआधी दोन प्रश्न विचारते: रक्त किती गेलं, आणि दूध उतरलं का. पुष्कळांना ते आगाऊपणाचे वाटते. गेल्या वर्षी शहाद्याकडच्या एका मुलीला चार दिवस दूध नव्हते, रक्तही बरेच गेले होते. मामीने तिच्या सासूशी भांडून तिला रिक्षात घातले आणि सुरतेला नेऊन रक्त तपासायला लावले. रिपोर्ट अगदी चांगला आला. पाचव्या दिवशी दूध उतरले. सासू अजून मामीशी बोलत नाही. रिक्षाचे येण्या-जाण्याचे पैसे मामीनेच दिले होते, आणि ते परत मागायला मी निघालो तर तिने मला जाऊ दिले नाही.